निजलेल्या डोंगराचा तेरावा

लहानांनी पुढं बसावं, मोठ्यांनी मागं, आणि मधल्यांनी उगाच खुसुखुसु हसू नये. ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. इतक्या जुन्या, की त्या मुलखाच्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही सांगता येणार नाही.

त्या मुलखात तीन डोंगर होते. आपल्याकडे असतात तसले करवंदांचे आणि गवताचे साधे डोंगर नव्हेत. या तिघांच्या माथ्यावर तोंड होतं आणि तोंडाखाली, खूप खोल, आगीचं घर होतं. अशा डोंगराला ज्वालामुखी म्हणतात. मोठ्यांना हे ठाऊक असेल, लहानांनी आता ऐकून ठेवावं.

पहिल्याला लोक जागल्या म्हणत, कारण तो खरोखरच जागा होता. रोज धूर सोडायचा, मधूनमधून राख उडवायचा आणि एखाद्या वर्षी वितळलेल्या दगडांचा लाल ओघळ उतारावरून खाली पाठवायचा. दुसऱ्याचं नाव डुलक्या. त्याला आग ओकताना पाहिलेलं माणूस आता हयात नव्हतं, पणजोबांच्या पणजोबांनी पाहिलं होतं म्हणे. पण माथ्यावरच्या भेगेतून अजून ऊन वाफ यायची, म्हणजे तो निजलेला होता, एवढंच. तिसरा थंडोबा. त्याच्या तोंडात गार पाण्याचं तळं साचलं होतं, तळ्याकाठी वड होते आणि वडांवर माकडं होती. त्याच्या पोटातली आग केव्हाच विझली होती. तो मेलेला डोंगर.

यावरून जुन्या माणसांनी नियम घालून दिले होते. जाग्या डोंगरापाशी राहायचं, तर पळायच्या तयारीनं राहावं. निजलेल्यावर गुरं चारावीत, लाकूडफाटा आणावा, पण चूल मांडू नये आणि पाळणा टांगू नये. मेलेल्यावर खुशाल घर बांधावं. थंडोबावर म्हणूनच एवढी वस्ती झाली होती की तिथं आता कोंबडं पाळायलाही जागा उरली नव्हती.

कोण जागा, कोण निजलेला आणि कोण मेलेला हे ठरवायला एक माणूस नेमलेला असे. त्याला डोंगरवैद्य म्हणत. माणसाची नाडी मनगटावर सापडते. डोंगराला मनगट कुठलं? म्हणून त्या लोकांनी वेगळी रीत काढली होती. दर उन्हाळ्याच्या अखेरीस डोंगरवैद्यानं मातीच्या बोळक्यात मूठभर तांदूळ आणि पाणी घ्यायचं, कणकेनं बोळक्याचं तोंड लिंपायचं आणि डुलक्याच्या अगदी माथ्यावर चढायचं. त्या जागेला डोंगराचं कपाळ म्हणत. तिथल्या भेगेत बोळकं ठेवायचं, सावली फिरेपर्यंत शेजारी बसायचं आणि मग काढून बघायचं. भात शिजला असेल, तर डोंगर निजलेला आहे.

आणि तांदूळ कच्चे राहिले तर? तर घाई करायची नाही. ज्या साली पहिल्यांदा तांदूळ कच्चे निघतील, त्या साली जन्मलेली एक मुलगी धरायची. ती मोठी व्हावी, तिचं लग्न व्हावं, तिच्या मांडीवर मूल यावं. तोवर दर साली तांदूळ कच्चेच निघाले, तरच डोंगर मेला असं म्हणायचं. रीत शहाणपणाची होती. पण रीत कितीही शहाणपणाची असली तरी ती पार पाडायला माणूसच लागतो, आणि घोळ नेमका तिथं होतो.

आपल्या गोष्टीतला डोंगरवैद्य काही वाईट माणूस नव्हता. देवभोळा होता, बायकोवर माया करणारा होता, थोडा मानाचा भुकेला होता. असे लोक तुमच्या-माझ्या घरातही असतात.

एका वर्षी त्याला डुलक्यावर जायचं होतं आणि त्याच सकाळी त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. तो बोळकं घेऊन निघाला खरा, पण त्याचं सगळं लक्ष घरी. डोंगराच्या कंबरेशी एक उंबर होता, तिथं तो थांबला. कपाळ अजून बरंच वर होतं. तिथवर जाऊन परत यायचं म्हणजे दिवस कलणार. तो मनाशी म्हणाला, "डोंगर तोच, पोटातली आग तीच. इथं काय आणि तिथं काय." त्यानं उंबराखालच्या खडकाच्या फटीत बोळकं ठेवलं, थोडा वेळ चुळबुळत बसला आणि काढून बघितलं. फट गार होती. तांदूळ जसेच्या तसे कच्चे होते.

तो घरी पोचला तेव्हा बायको सुखरूप सुटली होती आणि मुलगी झाली होती. अंगणात माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, "वैद्यबुवा, यंदा भात कसा?" त्या आनंदात तो खरं तेच बोलला, पण अर्धंच बोलला. "कच्चा निघाला," तो म्हणाला. कुठं ठेवला होता ते त्यानं सांगितलं नाही.

त्याला वाटलं होतं लोक बुचकळ्यात पडतील. झालं भलतंच. लोक हरखून गेले. निजलेल्या डोंगराचा धाक पिढ्यान् पिढ्या मनात बाळगून ते कंटाळले होते. त्यांनी वैद्याच्या खांद्यावर शेला घातला आणि बाळाला पायगुणाची पोर म्हटलं. डोंगराचं मरण मोजायला हीच मुलगी धरायची, असंही तिथल्या तिथं ठरलं.

पुढच्या वर्षी वैद्य निघाला तो थेट कपाळावर जायचं ठरवून. पण उंबराशी त्याचे पाय अडखळले. वर भात शिजला तर? तर गेल्या वर्षी कच्चा कसा निघाला, असं लोक विचारणार. शेला परत द्यावा लागणार. त्यानं बोळकं उंबराखालीच ठेवलं.

मग तसंच होत गेलं. मुलगी रांगायला लागली, तांदूळ कच्चे. मुलगी परकर सावरत आईच्या मागं पाणी आणायला लागली, तांदूळ कच्चे. तिच्या हातावर मेंदी चढली, तरी तांदूळ कच्चे. मुलीबरोबर बापाचं खोटंही अंगापिंडानं वाढत गेलं आणि तेवढीच माया त्याला त्या खोट्याचीही लागली.

मुलीला त्यानं जागल्याच्या पायथ्याला दिलं. राखेनं तिथली जमीन काळीभोर आणि कसदार झाली होती, घर खाऊनपिऊन सुखी होतं. नवरा समजूतदार होता, सासू फटकळ पण जीव लावणारी होती. पण तिथं राहायचं म्हणजे कायम भीतीला उशाशी घेऊन झोपायचं. प्रत्येक दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं असे: कपडे, पीठ, चकमक. मुलं पायात वहाणा घालूनच निजत. भाकरीवर राख बसली तर झटकून खात आणि जमीन हादरली की हातातला घास टाकून पळत सुटत.

लेकीला दिवस गेले त्या वर्षी जागल्या फार चवताळला. एक तापलेला दगड तिच्या गोठ्यावर पडला आणि बांधलेली गाय जळून गेली. ते ऐकल्यापासून वैद्याच्या डोळ्याला डोळा लागेना. डोळे मिटले की त्याला गोठ्याच्या जागी लेकीचं घर दिसे.

ती सुखरूप बाळंत झाली. तिलाही मुलगीच झाली. आणि जागल्याच्या पायथ्याचे लोक राजाकडे गेले. "महाराज, आम्हाला इथं नाही राहायचं," ते म्हणाले. "थंडोबावर जागा नाही. डुलक्या मेला असेल, तर तिथं घरं बांधू द्या."

राजा मायाळू होता. त्यानं डोंगरवैद्याला बोलावून घेतलं. "वैद्यबुवा, तुमच्या लेकीच्या मांडीवर मूल आलं. रीत पुरी झाली. आता तुम्ही सांगाल ते खरं. डुलक्या गेला का?"

वैद्याच्या पोटात दोन भीती होत्या. एक लेकीसाठी होती, ती जागल्याखालून निघावी म्हणून. दुसरी स्वतःसाठी होती, आपलं बिंग फुटू नये म्हणून. दोन्ही भीतींनी त्याला एकाच बाजूला ओढलं. दिसणारी आग त्याला छळत होती. न दिसणाऱ्या आगीची त्यानं मनाशी समजूत घातली, की एवढ्या पिढ्या निजलाय, अजून दोन पिढ्या निजेल.

"गेला, महाराज," तो म्हणाला.

मग डुलक्याचे दिवस घातले. हसू नका, खरोखर घातले. माणसाचे घालतात तसेच. दहाव्याला उतारावर पिंड ठेवले आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसले. कावळा शिवला की गेलेल्याचा आत्मा तृप्त झाला, अशी समजूत तेव्हाही होती. पण कावळा काही येईना. डुलक्यावर त्या दिवशी कावळाच काय, चिमणीसुद्धा दिसत नव्हती. उन्हं चढली, माणसं भुकेजली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडांना शिववला आणि सगळे सुटल्यासारखे घरी गेले. तेराव्याला लाडू झाले. वैद्यानं ते स्वतःच्या हातानं वाढले.

पाऊसकाळ सरताच डुलक्यावर घरं उभी राहिली. लेकीचं घर उंबराच्या थोडं वरच्या अंगाला आलं, आणि त्याही वर आणखी एक आळी बसली. जिथं चूल मांडायची नाही तिथं चुली पेटल्या, पाळणे टांगले गेले. लोकांनी आपापली गाठोडी सोडून कपडे वलणीवर टाकले. फक्त लेकीच्या सासूनं गाठोडं सोडलं नाही. शेजारणी तिची चेष्टा करत. "अहो, मेलेल्या डोंगराला कसलं भ्यायचं?" त्या म्हणत. म्हातारी म्हणे, "मी त्याला नाही भीत. पण माझ्या पायांना सवय आहे, ती मोडवत नाही."

पहिली खूण आली तेव्हा लोक खूश झाले. विहिरीचं पाणी कोमट यायला लागलं. बायका म्हणाल्या, बरं झालं, अंघोळीला चूल पेटवायला नको. लेक माहेरी आली तेव्हा हौसेनं हे सांगत होती. ऐकता ऐकता वैद्याच्या हातातला घास तसाच राहिला.

मग वरच्या आळीजवळच्या घळीत शेळ्या मेल्या. अंगावर जखम नाही, तोंडाला फेस नाही. चरता चरता खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. त्यांना बघायला कुत्रा घळीत उतरला, तोही त्यांच्याशेजारी आडवा झाला. त्यानंतर जमीन हादरू लागली. फार नाही, फळीवरची भांडी किणकिणतील एवढीच. पण रोज.

लोक वैद्याकडे आले. आता तुम्हाला वाटेल, हीच वेळ होती. होतीच. वैद्यालाही तसंच वाटलं. त्यानं तोंडही उघडलं, आणि त्यातून शब्द आले ते असे: "मढं निवताना हाडं वाजतात. डोंगर केवढा मोठा, त्याला निवायला वेळ लागणारच." लोकांचं समाधान झालं आणि ते गेले. वैद्यानं दार लावून घेतलं. मग फळीवरचं बोळकं खाली काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच त्यानं बोळकं घेतलं आणि कितीतरी वर्षांनी तो उंबर ओलांडून वर गेला.

उंबराची पानं अवेळी पिवळी पडली होती. वर जावं तसा सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला. वहाणांतून पाय भाजू लागले. आणि कपाळ जिथं होतं तिथं पोचल्यावर त्याला ती जागा ओळखूच येईना. त्याच्या आठवणीत तिथं खोलगट होतं. आता तिथं टेंगूळ आलं होतं. अख्खा माथा आतून कुणी ढकलावा तसा फुगून वर आला होता, आणि भेगेतून वाफ फूत्कारत बाहेर पडत होती. त्यानं लांबूनच काठीनं बोळकं भेगेत सरकवलं. सावली फिरायची वाट बघावी लागली नाही. तो नीट बसतो न बसतो तोच बोळकं तडकलं. काठीनं बाहेर ओढलं तर आतले तांदूळ कोळसा झाले होते.

त्याच क्षणी त्याच्या पायाखालची जमीन हलली. हादरली नाही, सावकाश हलली, निजलेल्यानं कूस बदलावी तशी. तडकलेलं बोळकं धोतराच्या सोग्यात गुंडाळून तो धडपडत खाली निघाला.

खाली यायची वाट वस्तीतूनच जात होती. आता नीट ऐका, कारण या गोष्टीतली खरी भीती त्या डोंगरात नाही, या वाटेवर आहे. कुणी घर शाकारत होतं. कुणी बाळाला उन्हात न्हाऊ घालत होतं. एका बाईनं हाक मारली, "वैद्यबुवा, दमलात. ताक घेऊन जा." तो थांबला. ताक प्याला. भांडं परत दिलं. ती म्हणाली, "सगळं ठीक ना?" तो म्हणाला, "ठीक." आणि पुढं चालू लागला.

लेकीच्या दारात येऊन तो म्हणाला, "बाळ, तुझ्या आईला बरं नाही. पोरीला घे आणि लगेच चल."

लेकीचा नवरा जागल्याच्या पायथ्याशी राहिलेलं पीक काढायला गेला होता. घरात फक्त सासू होती. ती पदर खोचत म्हणाली, "मीही येते. विहीणबाईंना बघून येते."

"नको," वैद्य म्हणाला. "तुम्ही थांबा."

लेक बाळाला घेऊन बापाबरोबर खाली आली. दारातूनच तिनं पाहिलं, तर आई सुपात ज्वारी पाखडत बसलेली. चांगली धडधाकट. "आज मध्येच कशी आलीस गं?" आईनं विचारलं.

लेकीनं बापाकडे बघितलं. त्याला तिची नजर सोसवेना. त्यानं सोग्यातलं बोळकं काढून जमिनीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. उंबर, शेला, दर वर्षीचे कच्चे तांदूळ, आणि आज सकाळचा कोळसा. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तू आता खाली आलीस. आता मला घोर नाही."

"सासूबाई वर आहेत," लेक म्हणाली.

"उद्या सकाळी महाराजांकडे जातो. रीतसर सांगतो. ते दवंडी पिटवतील, सगळे नीट खाली येतील. आज मी मध्येच ओरडलो, तर लोक मला दगडांनी मारतील."

"खाली येताना वाटेत कुणाला सांगितलंत?"

वैद्य बोळक्याची खापरी उगाच नीट लावत बसला.

"कुणी तरी भेटलंच असेल."

"एका बाईनं ताक दिलं," तो पुटपुटला.

"आणि ते तुम्ही प्यालात, आबा." ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं, कोळशाचं बोळकं उचललं आणि आल्या वाटेनं परत निघाली. बाप मागून हाका मारत होता, तिनं वळून बघितलं नाही.

बायकोनं नातीला छातीशी धरलं. ती नवऱ्याला म्हणाली, "पोर वर गेली. तुम्ही बसलात काय? उठा."

तेव्हा तो उठला. धावला. वस्तीच्या खालच्या टोकाला पोचून जीव तोडून ओरडू लागला, "खाली चला. डोंगर जिवंत आहे. सगळं टाकून खाली चला."

माणसं गोळा झाली. एकानं विचारलं, "वैद्यबुवा, काल तर म्हणालात हाडं वाजतायत?" दुसरा म्हणाला, "पिंड तुम्हीच ठेवलेत. लाडू तुम्हीच वाढलेत." तिसऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलंय.

"मी खोटं बोललो," वैद्य म्हणाला. "माझी लेक जन्मली त्या दिवसापासून बोलतोय. आज सकाळपर्यंत मी वर गेलोच नव्हतो."

हे पटायला लोकांना वेळ लागला, आणि पटल्यावर ते आधी खाली पळाले नाहीत, आधी संतापले. माणसाचं हे असंच असतं. एक दगड आला आणि वैद्याच्या कपाळाला लागला. दुसराही आला असता. पण तेवढ्यात वाटेवरून लेकीची सासू डोक्यावर गाठोडं घेऊन उतरताना दिसली, आणि तिच्यामागं शेजारपाजार. सुनेच्या हातातले काळे तांदूळ बघून तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता.

"भांडण खाली जाऊन करा," म्हातारी म्हणाली. मग खालच्या घरांतले लोकही हलले.

वैद्यानं तिचा हात धरला. "लेक कुठं आहे माझी?"

"वरच्या आळीला गेली. तिथं म्हातारी माणसं आहेत, एक ओली बाळंतीण आहे. मला म्हणाली, तुम्ही पुढं व्हा."

वैद्य रक्त पुसत वर चढू लागला. वरच्या आळीचे लोक समोरून उतरत होते. कुणाच्या पाठीवर म्हातारा होता, कुणाच्या कडेवर दोन दोन मुलं. तो प्रत्येकाला विचारी, "माझी लेक?" प्रत्येक जण म्हणे, "ती मागं आहे." जमीन आता थांबता थांबत नव्हती. "ती मागं आहे," आणखी एक जण म्हणाला. वाट अरुंद होती, उतरणाऱ्यांना जागा देत देत त्याला चढावं लागत होतं, आणि उंबर अजून वरच होता. सर्वांत शेवटी एक आंधळा म्हातारा भिंती चाचपत येत होता. "ती मागंच आहे रे बाबा," तो म्हणाला. "बाळंतिणीला उठवतेय. मला म्हणाली, उताराच्या बाजूनं चालत राहा, कुणीतरी हात धरेल."

वैद्यानं त्याचा हात धरला, कारण धरायला दुसरं कुणी नव्हतं. त्यानं वर पाहिलं. आणि डोंगराचं कपाळ फुटलं.

जागल्याचं तोंड नेहमी उघडं असे, म्हणून तो थोडी थोडी आग रोज ओकून मोकळा होई. डुलक्याच्या तोंडात पिढ्यान् पिढ्यांचा दगड बसला होता. झाकण घट्ट दाबून भांडं चुलीवर ठेवावं, तसं त्याचं झालं होतं. तो उतू गेला नाही, तो फुटला. भर दुपारी असा अंधार झाला की शेजारचा माणूस दिसेना. त्या अंधारात तापलेली राख आणि दगड कोसळत होते. राखेचा एक जळता लोट वरच्या आळीवरून उतरला. तो धावत्या घोड्यालाही चुकवता आला नसता. उंबराच्या वरच्या अंगाला येऊन तो थांबला.

वैद्य आणि आंधळा म्हातारा उंबराच्या खालच्या अंगाला पडलेले सापडले. दोघेही जिवंत होते. वस्तीतली बहुतेक सगळी माणसं वाचली. वरच्या आळीत शेवटी फक्त ती बाळंतीण, तिचं बाळ आणि वैद्याची लेक उरली होती. ती तिघं खाली आली नाहीत.

राख निवल्यावर राजानं वैद्याला बोलावलं. लोकांना वाटलं, सुळावर देतील. राजानं स्वतःही घाईघाईनं विचारलं होतं आणि हवं ते उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मग तो म्हणाला, "तुमच्या घरात तुमची नात आहे. तुमच्या जावयाची ना नाही, तिला तुम्ही वाढवा. आणि ती विचारेल तेव्हा खरं सांगा. माझ्याकडे याहून मोठी शिक्षा नाही."

लोक पुन्हा जागल्याच्या पायथ्याला राहायला गेले आणि दाराशी गाठोडी बांधून ठेवू लागले. नियमात एक गोष्ट वाढली: डोंगर मेला, असं एकट्या माणसानं सांगायचं नाही, आणि एकट्यानं सांगितलं तर कुणी ऐकायचं नाही.

नात मोठी झाली. अंगणात खेळायची, आजोबांच्या कपाळावरच्या व्रणावरून बोट फिरवायची. एके दिवशी तिनं विचारलं आणि वैद्यानं सगळं सांगितलं. उंबराखालचं खोटं सांगितलं, दरबारातलं सांगितलं, मढ्याच्या हाडांचं सांगितलं. पोरीनं शांतपणे ऐकून घेतलं. तिला तेवढं खोटं माफ करता आलं, कारण ती लहान होती आणि आजोबा तिचे लाडके होते.

मग ती म्हणाली, "आजोबा, वरून येताना तुम्ही त्या घरांवरूनच आलात ना? तेव्हाच सांगितलं असतं तर आईला परत वर जावं लागलं नसतं."

वैद्यानं तोंड उघडलं. सूर्य मावळला, घरात दिवा लागला, तरी तो तसाच बसून राहिला. पोर थोडा वेळ थांबली आणि आजीकडे निघून गेली.

बोध असा: जो गप्प आहे त्याला मेलेला समजू नये, आणि आपली चूक कळताच वाटेत भेटेल त्या पहिल्या माणसाला ती सांगून टाकावी.